आठ चॅनेलचं एकमत

प्रयोगशाळेत तिला सगळे तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठ वळली की 'कात्री'. तिला हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कात्री निदान कापते तरी. बाकीच्यांना तर धारच नाही, असं तिचं स्पष्ट मत. शाळेत असताना गणिताच्या मास्तरांची चूक तिने भर वर्गात दाखवली, मास्तरांनी बिचाऱ्यांनी ती कबूल केली, आणि तेव्हापासून तिचं जे नाक वर गेलं ते खाली आलंच नाही. जगात एक ती शहाणी आणि बाकी सारी गाढवं, हा हिशेब तेव्हाच पक्का झाला.

विभागप्रमुख साहेब तिच्या लेखी नुसते होयबा. वरून फोन आला की ते खुर्चीतून उठून बोलत. पलीकडच्याला हे दिसत नाही, एवढंही या माणसाला कळू नये! शेजारच्या टेबलावर पंधरा वर्षं बसणाऱ्या इंजिनियरचं नाव तिने 'मंदोबा' ठेवलं होतं, कारण तो काही बोलण्याआधी चष्मा पुसायचा. चष्मा पुसून होईपर्यंत त्याचं वाक्य तिनेच पूर्ण केलेलं असे, आणि वर त्यातली चूकही काढलेली असे.

काम मात्र ती जीव ओतून करी, त्याला तोड नव्हती. एका चॅनेलला झेपणार नाही इतका डेटा वेगाने पाठवायचा असला, की तो आठ चॅनेलमध्ये वाटून द्यावा लागतो. आठही तुकडे आपापल्या वाटेने धावतात. एखाद्याची वाट बोटभर लांब असते, एखादा किंचित रेंगाळतो. पलीकडच्या टोकाला आधी पोचलेल्यांनी मागून येणाऱ्यासाठी थांबायचं आणि मग सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, तरच मूळचं सगळं नीट जुळतं. ही ओळ लावून देणारं सर्किटचं कार्ड तिने तयार केलं होतं. ते गिऱ्हाइकाच्या पसंतीला उतरलं, की लवकरच निवृत्त होणाऱ्या साहेबांच्या खुर्चीत तीच बसणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं. खुर्ची तिला अगदी मनापासून हवी होती. या कळपाला एकदाचं हक्काने हाकता आलं असतं.

कार्डाची चाचणीही तिनेच लिहिली. आठही चॅनेलवर आकड्यांचा एकच छोटा ठोकळा पुन्हा पुन्हा पाठवायचा, आणि पलीकडे तोच येतोय का ते बघायचं. चाचणी कितीतरी दिवस चालली आणि एकही चूक निघाली नाही. तिने सगळ्यांना बोलावून पडद्यावरचं ते शून्य दाखवलं.

"कुणाला काही शंका?" तिने विचारलं, ते अशा आवाजात, की शंका असणं हाच गुन्हा वाटावा.

"छान," साहेब म्हणाले.

मंदोबाने चष्मा काढला.

"चष्मा पुसायला बोलावलंय का तुम्हाला?"

सगळे हसले. त्याने चष्मा पुन्हा नाकावर चढवला आणि तोही म्हणाला, "छान."

गिऱ्हाइकाकडून एक जाड मिशीचा अधिकारी आला. तिचे आकडे त्याने बघितलेसुद्धा नाहीत. "ते राहू द्या. कॅमेरा लावा आणि चित्र पाठवून दाखवा," तो म्हणाला. अडाणी, असं मनात म्हणत तिने कॅमेरा लावला. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा उमटला तो कंगव्याने ओरबाडल्यासारखा. नाकाच्या कडेला करवतीचे दात, मिशीचा झालेला ब्रश. तो नकळत आपली मिशी चाचपू लागला.

"मी इतका काही वाईट दिसत नाही हो," तो म्हणाला. साहेब हसले, मग हसावं की नाही हे न कळून मध्येच थांबले.

"ही तार कुणी लावली?" कात्री कडाडली. "अक्कल घरी ठेवून येता का?" तार बदलली, कॅमेरा बदलला, चेहरा ओरबाडलेला तो ओरबाडलेलाच. अधिकारी चहाला न थांबता निघून गेला, आणि त्याच्यामागोमाग खुर्चीही गेली.

सगळे पांगल्यावर तिने कार्ड पुन्हा तपासलं. शेवटचा चॅनेल बरोबर एक ठोकळा मागे होता. पण ठोकळे सगळे सारखेच, मग मागचा काय आणि पुढचा काय! जो तो तेच बोलतोय म्हटल्यावर कोण मागे पडलंय हे कळणार कसं? प्रत्येक चॅनेलला दर ठोकळ्याला वेगळं काही बोलायला लावलं असतं, तर पहिल्याच दिवशी पितळ उघडं पडलं असतं. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती, तर तिने त्याला उभा सोलला असता.

मंदोबा पिशवी भरत होता. "तुमच्या तरी लक्षात आलं होतं का हे?" तिने विचारलं. त्याने चष्मा काढून सावकाश पुसला. आज ती थांबली.

"सुरुवातीलाच. साहेबांच्याही आलं होतं. आम्ही दोघं बोललो होतो त्यावर."

"मग तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"तुम्हाला सांगणार कोण, मॅडम?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुम्ही विचारलंत, आम्ही छान म्हणालो. तुम्हाला तेच हवं होतं ना?"

भित्रे लेकाचे! हाताशी आलेलं काम बुडू देतील, पण तोंड उघडणार नाहीत. तिला त्याची किळस आली. फक्त या वेळी त्या किळसेतून तिला स्वतःला वगळता येईना.

घरी आली तेव्हा नवरा भाजी चिरत होता, मुलगी अभ्यासाला बसली होती आणि सासूबाई टीव्हीसमोर होत्या. ती दारातच उभी राहिली.

"अहो, मी फार तोडून बोलते का?"

सुरी थांबली. "छे गं! काहीतरीच काय."

"छे, आई," मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "छे गं बाई, तू कुठली तोडून बोलतेस!"

तिने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "आता एकेकाला आत बोलावून वेगळं विचारते."

तिघांचेही चेहरे उतरले. ते पाहिल्यावर तिला विचारायचं काही उरलं नाही.