पाणी लागल्यावरही

कर्नाटकातली ती जुनी सोन्याची खाण आता पर्यटकांसाठी जपून ठेवली आहे. सोलापूरहून आम्ही सहकुटुंब ती बघायला गेलो होतो. आमच्याच गटात दुष्काळी सांगोल्याकडचे एक आजोबा होते. आत शिरताना त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. भिंतीतून पाणी झिरपताना दिसलं, तसा तळवा ओला करून त्यांनी कपाळाला लावला.

"पाणी लागलं तवा नारळ फोडला आसंल की?" त्यांनी गाईडला विचारलं. "आमी हिरीला फोडतो."

"छे! पाणी रात्रंदिवस पंपानं उपसून टाकायचे."

"टाकायचे? आन् मग आनखी खाली कशाला खणत ऱ्हायले?"

"सोन्यासाठी, आजोबा!"

सगळे हसले, मीही हसलो. आजोबा आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

बाहेर सोन्याच्या खोट्या विटेपाशी फोटोसाठी रांग लागली. आजोबांनी आतून बाटली भरून आणली होती. ते पाणी पिऊ नका, असं गाईडनं बजावलं. त्यांनी ते फेकलं नाही, दारातल्या कडुलिंबाच्या बुडाशी सावकाश ओतलं.

"बाबा, ते आजोबा असं का करतायत?" मुलीनं विचारलं.

फोटोसाठी मी खोटी वीट छातीशी धरून उभा होतो.