झोडणी थांबवणारा

बाळाराम गेला ही बातमी मला कुणी फोन करून सांगितली नाही. मी तिथेच होतो, मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत, त्याच्यापासून फार तर दहा पावलांवर. तरीही गेले पाच आठवडे टोकावड्यापासून शहापूरपर्यंत जो भेटेल तो मलाच त्याच्या मरणाची हकिगत ऐकवतोय. "मास्तर, काय मरण आलं वो! नाचता नाचता गेला. नशीब लागतं!" नाक्यावर पोरांनी फ्लेक्स लावलाय. त्यावर बाळाराम उजवा हात वर करून उभा, हातात लाल टॉवेल, तोंड उघडं, आणि खाली मोठ्या अक्षरात 'झोडणीचा राजा'. फोटो कुणाच्या तरी मोबाइलमधल्या व्हिडिओतून काढलाय, त्याच संध्याकाळचा. लोकांना वाटतं तो हसतोय. एसटी नाक्यावर थांबली की मी दुसऱ्या खिडकीकडे तोंड फिरवून बसतो.

आमच्या भागातल्या वाचकांना झोडणी म्हणजे काय ते सांगायला नको, पण ही पुरवणी लांब जाते म्हणून सांगतो. हळदीच्या मांडवात बँजो किंवा डीजे तापला की नाच संपतो आणि झोडणी सुरू होते. तरणी पोरं गोल करतात, एकमेकांच्या अंगावर धावून जातात, खांद्यावर खांदा आपटतो, छातीवर छाती, पायांखालची माती कंबरेपर्यंत उडते. बाहेरच्या माणसाला वाटतं मारामारी लागली. कधी कधी लागतेही. हा शब्द आला कुठून यावर मात्र चहाच्या टपरीवर तासन् तास वाद चालतात. उंबरमाळीकडची माणसं म्हणतात आमच्या वाडीवरच्या ढोलातून निघाला. शहापूरचे बँजोवाले म्हणतात आम्ही काढला. एक शहाणा तर मला म्हणाला, मुंबईहून आला. मी कपाळावर हात मारला. मुंबईत कोणी कधी भात झोडलाय का?

शब्द निघाला तो वैशाखऱ्याच्या अलीकडे, बाळारामच्या खळ्यावर, आणि मी तेव्हा तिथे होतो. आम्ही दोघे वर्गमित्र, विशी-बाविशीतले. तुळशीचं लग्न झालेलं, त्याच्या थोरल्या भावाची हळद होती. अंगणात जागा पुरेना म्हणून बँजो खळ्यावर नेला. खळं नुकतंच मोकळं झालेलं, कडेला पेंढ्याची उडवी तशीच. नवरदेवाचे मित्र एका बाजूला, मामाकडचे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचे माजलेल्या रेड्यांसारखे एकमेकांवर जाऊ लागले. बाळारामची आत्या लग्नाची गाणी म्हणणारी, मोठ्या मानाची बाई. तिचं गाणं कुणाला ऐकू येईना तेव्हा ती उठली, कंबरेवर हात ठेवून ओरडली, "अरं मेल्यांनो, नाचताव का भात झोडताव?" सगळं खळं हसलं. दुसऱ्या हळदीला पोरांनीच म्हटलं, चला, झोडणी घालू. एवढीच त्या शब्दाची जन्मकथा. आत्या गेली, पण तिची ओरड अजून डीजेच्या गाडीवर रंगवलेली दिसते.

मात्र शब्द आत्याचा असला तरी झोडणीला रीत लावली बाळारामने. त्याच हळदीत मामाकडच्या एकाचा हात मोडला होता. पोरं हसत राहिली, तो खाली पडून विव्हळत होता आणि त्याच्या अंगावर पाय पडत होते. बाळाराम त्या रात्री जेवला नाही. मला म्हणाला, "खरी झोडणी बघितलीस ना तू? चौघं पेंढी आपटत असतात, एक जन वाकून दाना ओढतो. तो वाकला का चौघांचे हात वरच्या वर थांबतात. नायतर टकुरंच फुटंल." पुढच्या लग्नात तो स्वतः गोलाच्या मधोमध उभा राहिला. प्यायचं नाही, नाचायचं नाही, खांद्यावर लाल टॉवेल. कुणी पडलं, कुणाला चक्कर आली, कुणाचं डोकं फिरलं की टॉवेल वर. टॉवेल वर गेला की बँजो बंद, आणि आहे तिथे उभं राहायचं. पहिल्या वर्षी पोरांनी शिव्या घातल्या. पण हळूहळू मुरबाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत लग्नाचं आमंत्रण द्यायला येणारे आधी विचारू लागले, "बाळारामदादा, टॉवेल घेऊन येशील ना?" पंचवीसेक वर्षं तो उभा राहिला. आडदांड, लाल डोळ्यांची पोरं त्याच्या एका हातासरशी जागच्या जागी थांबताना मी पाहिली आहेत. मला तेव्हा त्याचा हेवा वाटायचा. वर्गात माझ्या छडीला कुणी भीक घालत नव्हतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. लिहायला बसल्यापासून ते टाळतोय.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मुलांची झोडणी बसवली. नाच मीच बसवला, हौस मलाच. शेवट जोरात हवा म्हणून मी पन्नास मुलांच्या हातात पन्नास लाल टॉवेल दिले, आणि ताल चढला की सगळ्यांनी एकदम वर उडवायचे. टाळ्यांनी मंडप दणाणला. पाहुण्यांनी मला शाल दिली. व्हिडिओ गावोगाव फिरला, आणि पुढच्या हंगामात प्रत्येक हळदीत ताल चढला की पोरं टॉवेल, रुमाल, शर्ट, जे हाताला लागेल ते वर उडवू लागली. डीजेवाले त्या जागेला आवाज वाढवू लागले.

बाळाराम संमेलनाला आला होता. टाळ्या वाजवल्या नाहीत. नंतर शाळेच्या पायरीवर बसून तंबाखू मळता मळता म्हणाला, "मास्तर, एक टॉवेल व्हता तवर त्याला इज्जत व्हती. आता पन्नास जाले. उद्या मी थांबा म्हनलो त कोनाला कलंल?" मी हसलो. म्हटलं, "अरे, तुझंच नाव मोठं केलं मी. जरा कौतुक कर की!" तो तंबाखू तशीच हातात धरून बसला... मला राग आला होता त्याचा, खोटं कशाला बोलू. शाल मिळालेल्या दिवशी कुणी चूक दाखवलेली आवडत नाही.

त्यानंतरही तो हळदीत उभा राहत होता, पण आता त्याच्याकडे बघतं कोण? दोनदा त्याने टॉवेल वर केला आणि सगळ्यांनी वर केले. एकदा तर तो स्वतः धावत जाऊन गाडीवरच्या पोराचा हात धरून आवाज बंद करून आला. मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "शिट्टी घे." तो म्हणाला, "शिट्टी त्या आवाजात?" विषय तिथेच राहिला.

एप्रिल संपता संपता त्याच्या चुलतभावाच्या घरी हळद होती. ऊन उतरलं होतं, पाच-साडेपाच वाजले असतील. गोल भरला, माती उडाली. बाळाराम मधे. मी खुर्चीत सरबत पीत होतो. मला नीट आठवतं... त्याने डावा हात छातीवर दाबला आणि उजव्या हाताने टॉवेल वर केला. क्षणभर माझ्या मनात आलं, हा थांबवतोय. त्याच क्षणाला ताल चढला, शंभरएक टॉवेल वर गेले, सगळं लाललाल झालं, आणि मी... मी खिशातला रुमाल काढला आणि हवेत फिरवला. हसत. त्याने दुसऱ्यांदा हात वर केला. पोरं आणखी पिसाळली, शिट्ट्या मारल्या. तिसऱ्यांदा हात अर्ध्यावरच आला. तो खाली गेला तेव्हाही गाणं चालू होतं. कुणाच्या तरी पायाला त्याचं अंग लागलं तेव्हा कुठे ओरडा झाला. दवाखान्यात पोचलो तर उशीर झालेला. डॉक्टरांनी विचारलं, त्रास सुरू होऊन किती वेळ झाला? सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी जमिनीकडे बघत होतो.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलंही नसतं, मी काही एवढा धीराचा माणूस नाही. पण गेल्या आठवड्यात नवा नवरदेव माझ्या घरी आला. पुढच्या गुरुवारी त्याची हळद. म्हणाला, "मास्तर, आमी दादाला मानवंदना देनार. सगल्यांना लाल टॉवेल, त्यावर दादाचा फोटो. एकदम वर करायचे. तुमी स्टेप बसवून द्या." गोलाच्या मधे आता कोण उभं राहणार, विचारलं. तो म्हणाला, "मधी कशाला कोन पायजे?"

आधी बाळारामच्या बायकोकडे, सुमनवहिनीकडे गेलो. तिचा हक्क पहिला. ती ओटीवर वाल निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं, शाळेचे पन्नास टॉवेल, पायरीवरचं बोलणं, माझा रुमाल. म्हटलं, "वहिनी, त्याला मी मारला." ती वालातले खडे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, मी बायांच्यात उभी व्हते. तो माझ्याकडंच बघत व्हता. टॉवेल वर केला त मी पदर वर केला. मला वाटलं, म्हातारा आज खुशीत हाय." मला तिच्याकडे बघता येईना. रडू आलं, ते तिच्यासमोरच आलं. तिने मला पाणी दिलं, आणि म्हणाली, "हलदीच्या मांडवात मला आता कोन घेनार नाय. तुमीच जा. पोरांना सांगा. तुमचं सांगा आनि माझंबी सांगा. लपवू नका."

काल संध्याकाळी मी गेलो. नवरदेव आणि त्याचे मित्र डीजेच्या गाडीवर खोकी चढवत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, वहिनीच्या पदरासकट. एकही जण हसला नाही. दोघांनी माना खाली घातल्या, एक जण डोळे पुसत गाडीमागे गेला. मला वाटलं, समजलं यांना. मी वळून निघालो तेव्हा नवरदेव माझ्यामागे चार पावलं आला. चेहरा पडलेला, आवाज अगदी नरम.

"मास्तर, पटलं मला. पन आता टॉवेल त छापून आलेत ना..."