घोंगड्यावर बसून वाचा

सुलाबाईंच्या वाडीत एक रीत आहे. भांडण मिटवायचं असो, सोयरीक जुळवायची असो की हरवलेल्या मेंढीचा छडा लावायचा असो, बिरोबाच्या देवळापुढं घोंगडं अंथरतात. ज्याला काही सांगायचं आहे त्यानं पायताण काढून त्यावर बसायचं आणि मग बोलायचं. घोंगड्यावर बसून खोटं बोलत नाहीत. कुणी बोललंच तर काय होतं, असं विचारलं तर म्हातारी माणसं उलट विचारतात, असं कोण करील? तसं कुणी केल्याचं त्यांना आठवत नाही.

ही रीत नसती तर सुलाबाई सरकारी कागदावर क्रूर ठरल्या नसत्या.

सुलाबाई आटपाडीच्या पूर्वेकडच्या माळावरच्या. वय साठीच्या आसपास. दोन दुष्काळांच्या मधल्या बऱ्या वर्षी जन्मलीस, एवढंच त्यांना आईनं सांगितलेलं. नवरा भाऊसो मेंढरं घेऊन आठ-आठ महिने कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात असतात. सुलाबाई घरी असतात आणि त्यांच्या हातात टकळी असते. चालताना सूत, बोलताना सूत. लोकरीच्या तेलकटपणानं त्यांचे तळहात लहान मुलासारखे मऊ राहिले आहेत. बाकी सगळं अंग माळाचं.

त्यांनी कातलेल्या सुताची घोंगडी शेजारच्या गावचे दादासो सणगर विणतात. पण गेली काही वर्षं घोंगड्याला गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. कातरण झालं की काळ्या लोकरीचे ढीग ओढ्यात टाकायचे. भाऊसो म्हणायचे, काळी मेंढरं विकून मटणाची पांढरी-तांबडी जात आणू. तिला लोकरच धड नसते, म्हणजे टाकताना जीवही तुटायचा नाही. सुलाबाई ओढ्याकडं जाऊन येत. ओढ्यातून थोडी लोकर परत घरी येई.

तीन वर्षांपूर्वी सातारा आणि सांगलीसाठी एक प्रकल्प आला. सरकार दरवर्षी बाक, सतरंज्या, ब्लँकेटं अशी जी खरेदी करतं ती निसर्गाला जपणारी असावी, होईल तितकी जवळच्या माणसांच्या हातची असावी, आणि ते कसं जमवायचं हे परदेशातल्या जाणत्यांनी आपल्या कार्यालयांना शिकवावं. कल्पना चांगली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं जे झालं त्याचा दोष कल्पनेवर टाकणं फार सोपं आहे.

कोयनानगरच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथं पावसाळ्यात भिंतींनाही ओल सुटते. त्या मुलींसाठी दीडशे पांघरुणं घ्यायची ठरली. कुणीतरी घोंगड्याचं नाव सुचवलं. सुलाबाईंनी नमुना पाठवला, एक अख्खं घोंगडं. साताऱ्याच्या कार्यालयात ही खरेदी बघणाऱ्या साहेबांनी तो हातात घेतला, नाकाला लावला, वास येतो म्हणाले, आणि पसंत केला. कार्यालयाच्या दाराशी काचेच्या कपाटात तो नमुना ठेवला गेला. आता फक्त अर्ज भरायचा होता.

अर्ज मोबाइलवर होता. सून समीक्षा बी.ए. झालेली, ती प्रश्न वाची, सुलाबाई उत्तर देत. अंगणात घोंगडं अंथरलेलं, त्यावर दोघी. सतराव्या प्रश्नाला समीक्षाला हसू आलं. तिनं तो मोठ्यानं वाचला: मेंढीच्या शेपटीखालील भाग कापला जातो का?

"कापतो की," सुलाबाई म्हणाल्या.

मेंढपाळाच्या घरी हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पावसाच्या तोंडावर मेंढरांना कोवळं गवत मिळतं, पोट सुटतं, शेपटीखालची लोकर घाण होते, माश्या बसतात, किडे पडतात. म्हणून तेवढी लोकर आधीच कातरून जागा मोकळी करतात. मेंढीला लागत नाही. लागलं तर कातरणाऱ्याला सगळी वाडी नावं ठेवते.

समीक्षाला मात्र त्या प्रश्नाचा वास बरा वाटला नाही.

"आत्या, न्हाई लिव्हू का? त्यास्नी काय कळणार हाय?"

"घोंगड्यावर बसलीया मी. व्हय लिव्ह."

समीक्षानं होय लिहिलं.

तो प्रश्न मुळात ज्या इंग्रजी कागदावर होता, तिथं तो वेगळाच होता. दूरच्या काही मुलखांत कातडीला घड्या असलेल्या मेंढ्या पाळतात. माश्या बसू नयेत म्हणून तिथं शेपटीभोवतीची जिवंत कातडीच कापून काढतात. ते थांबावं म्हणून तिकडच्या माणसांनी हा प्रश्न घातला होता. आपल्या कार्यालयात त्याचं मराठी करताना कातडी गळाली आणि नुसतं कापणं उरलं. भाषांतर करणाऱ्यानं मेंढी पाहिली नसेल, असं म्हणवत नाही. कार्यालयाबाहेरच्या रस्त्यावरून वर्षाला शेकड्यांनी कळप जातात, आणि साहेबांची गाडी त्यांच्यामागं भोंगा वाजवत उभी असते.

पंधरा दिवसांनी मोबाइलवर निकाल आला. अपात्र. कारण: प्राण्यांप्रती क्रूर पद्धतीचा अवलंब. पुढची तीन वर्षं अर्ज करता येणार नाही. ही ओळ नावानिशी संकेतस्थळावर होती, कुणालाही वाचता येईल अशी.

मुलींसाठी ब्लँकेटं आली ती परराज्यातून, ट्रकनं. पाण्याच्या वापरलेल्या बाटल्या वितळवून काढलेल्या धाग्याची. त्यांच्याकडं परदेशी दाखला होता, दाखल्यावर हिरवं पान होतं. प्रत्येक ब्लँकेट वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं.

दीडशे घोंगड्यांचं काम गेलं याचं सुलाबाईंना वाईट वाटलं. राग आला तो ‘क्रूर’ या एका शब्दाचा. पाय मोडलेलं कोकरू त्यांनी महिनाभर पाठीला बांधून वागवलेलं आहे. थंडीत व्यालेल्या मेंढीला स्वतःचं घोंगडं घालून त्या उघड्यावर बसलेल्या आहेत. त्यांना काम परत नको होतं. ती ओळ खोडून हवी होती.

त्यासाठी त्या समीक्षाला घेऊन तीनदा साताऱ्याला गेल्या. आटपाडी, विटा, कडेगाव, कराड असा एसटीचा प्रवास. कडेगावच्या पुढं दोन्ही अंगांनी ऊस लागतो, आणि त्याच उसाच्या कडेनं कुठंतरी भाऊसो मेंढरं घेऊन चालत असणार, म्हणून त्या खिडकीशी बसत. पहिल्यांदा साहेब मिटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा दौऱ्यावर. तिसऱ्यांदा भेटले. मावशी, तुम्हीच होय लिहिलंय, म्हणाले. समीक्षानं कातडी आणि लोकर यातला फरक समजावून सांगितला. साहेबांना तो कळला. हेच मला सर्वांत संतापजनक वाटतं. त्यांना तो तिथल्या तिथं, चहा संपायच्या आत कळला. आणि मग ते म्हणाले की आक्षेपाची मुदत सात दिवसांची होती, ती गेली.

पुढच्या महिन्यात त्याच कार्यालयातून फोन आला. शाश्वत खरेदीवर दोन दिवसांची कार्यशाळा होती, आयर्लंडहून तज्ज्ञ बाई येणार होत्या, आणि त्यांचा सत्कार अस्सल स्थानिक घोंगडं देऊन करायचा होता. मावशी, तुमच्या हस्ते दिलं तर शोभून दिसेल.

भाऊसो तेव्हा घरी होते. त्यांनी विचारलं, "आता काय सायबाला शेपूट फुटलंय?"

सुलाबाईंनी नवं घोंगडं घडी करून पिशवीत घातलं.

सभागृहात मोठा फलक होता. टेबलावर प्रत्येकापुढं प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती. नाव पुकारल्यावर सुलाबाई समीक्षासह मंचावर गेल्या. पाहुण्या बाई उभ्या राहिल्या, फोटोवाला पुढं सरकला. सुलाबाईंनी घोंगडं उलगडलं आणि बाईंच्या खांद्यावर घालायचं सोडून जमिनीवर अंथरलं. चपला काढून एका कोपऱ्यात बसल्या.

"सायेब, बूट काढून हितं बसा," त्या म्हणाल्या. "आनि माझी ती ओळ वाचा."

लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मागून टाळ्या आल्या. साहेब हसले आणि तसेच उभे राहिले. समीक्षानं अर्ज आणि निकाल छापून आणलेला कागद पुढं केला. पाहुण्या बाईंनी दुभाष्याला विचारलं, मग तो कागद मागून घेतला, मूळ इंग्रजी प्रश्न मागवला, दोन्ही शेजारी धरले. दुभाषा खालच्या आवाजात बोलत होता. बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

त्यांनी बूट काढले आणि घोंगड्यावर येऊन बसल्या. मांडी घालता येईना, म्हणून पाय एका बाजूला घेतले. दुभाष्यानं सांगितलं की बाई मेंढपाळाच्या घरातल्या आहेत, त्यांचे वडीलही शेपटीखालची लोकर कातरतात, आणि हा प्रश्न ह्या बाईंसाठी नव्हताच. मग त्यांनी साहेबांकडं वळून विचारलं की ही ओळ आज काढता येईल का.

साहेब म्हणाले, पोर्टल आता उघडत नाही.

दुभाष्याला त्याचं इंग्रजी करायला वेळ लागला.

"ऱ्हावू द्या तुमचं पोर्टल," सुलाबाई म्हणाल्या. "नुसतं हितं बसून सांगा, सुला मेंढराला तरास देती. मी उठून जाते, पुना येत न्हाई."

घोंगड्यावर अजून दोन माणसांची जागा होती. साहेबांनी आपल्या बुटांच्या नाड्यांकडं पाहिलं. जरा वेळ ते खरंच वाकतील असं वाटलं. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या सत्राला उशीर होतोय असं निवेदकाला खुणावलं.

सुलाबाई उठल्या. घोंगडं झटकून त्यांनी घडी केली आणि पाहुण्या बाईंच्या हातात दिली, कारण त्या घोंगड्यावर बसल्या होत्या. बाहेर येताना त्या दाराशी, काचेच्या कपाटापुढं थांबल्या. कपाटाला कुलूप नव्हतं. आतला नमुना त्यांनी काढून काखेत घेतला.

शिपाई धावत आला. नमुना दफ्तरी नोंदलेला आहे, न्यायचा तर अर्ज करावा लागेल, म्हणाला.

"त्यात कापाकापीचं ईचारणार व्हय?" सुलाबाईंनी विचारलं, आणि चालू लागल्या.

कार्यशाळेच्या अहवालात त्या दिवसाबद्दल एक वाक्य आहे: स्थानिक परंपरेचे प्रात्यक्षिक उत्साहात पार पडले. सुलाबाईंच्या नावापुढची ओळ अजून तिथंच आहे. समीक्षा अधूनमधून उघडून पाहते. काळी मेंढरं भाऊसोंनी अजून विकलेली नाहीत. आणि तो नमुना आता वाडीत बिरोबाच्या देवळापुढं अंथरतात, कुणाला काही खरं सांगायचं असलं की.