प्रायश्चित्ताचे उपास

बाबा वालूरला भिक्षुकी करायचे. श्राद्धाला बसलेले गुरुजी पोटभर जेवले तरच पितर तृप्त होतात, असं यजमान मानतात; त्यामुळे जेवणं हा बाबांच्या कामाचाच भाग. ते खाणारेही चांगले. पण त्या वर्षी दोन घासांतच त्यांचं पोट भरायला लागलं. "पित्त झालंय," म्हणायचे आणि खायचा सोडा पाण्यात टाकून प्यायचे. ढेकर आला की आईला हायसं वाटायचं.

पितृपक्षात एका घरी आग्रहाचा वडा कसाबसा गिळला आणि यजमानांच्या अंगणातच सगळं ओकले. यजमानीणबाई रडायलाच लागल्या; सासऱ्यांचं श्राद्ध वाया गेलं होतं. दुसरे गुरुजी बोलावून सगळं पुन्हा करावं लागलं. उलटीत चहाच्या चोथ्यासारखं काळं काहीतरी होतं, हे बाबांनी घरी सांगितलंच नाही. दोष लागला म्हणाले आणि उपास धरले. रात्री फक्त कपभर दूध.

आता आठवलं की डोकं फिरतं. वजन उतरलं, ते उपासानं. थकवा आला, तोही उपासानं. या घरात प्रत्येक दुखण्याला एक पवित्र कारण तयारच होतं. मी सेलूला शाळेत शिकवायची; रविवारी घरी जायची, तर सदरा खांद्यावरून घसरलेला आणि शेजारी म्हणायचे, "गुरुजींच्या तोंडावर लय तेज आलंय." कसलं तेज, अंगात रक्त उरलं नव्हतं.

शौचाला डांबरासारखी व्हायला लागली आणि एक दिवस ते न्हाणीत चक्कर येऊन पडले, तेव्हा परभणीला नेलं. घशातून दुर्बीण घालून तपासलं, मग स्कॅन. जठरात गाठ, यकृतापर्यंत पसरलेली; आता कापून काढता येणार नाही, म्हणाले डॉक्टर. पहिल्या उलटीलाच यायला हवं होतं.

"तेव्हा मी दोष फेडायलो होतो, साहेब," बाबा म्हणाले.

आता पोटात पाणी भरलंय आणि हातपायांच्या काड्या झाल्यात. मी देवघरासमोर उभी राहून भांडते, शिव्यासुद्धा देते. काही उपयोग नाही, मला कळतं, तरी देते.

काल एकादशी होती. आईनं मऊ भात कालवून आणला. बाबांनी मान हलवली.

"अहो, मोडा आज," आई म्हणाली. "दोष माझ्या माथी."

जन्मात पहिल्यांदा बाबांनी एकादशी मोडायला तोंड उघडलं. घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. गिळवेना. शेवटी आईनंच त्यांच्या तोंडाखाली आपला तळहात धरला.