क्लिपमधून गायब झालेला आवाज

“मॅडम, सगळं स्पष्ट दिसतंय की. आता आणखी काय तपासायचं?” इन्स्पेक्टर महांतेश म्हणाले. ते मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे माझ्याशी मराठीतच बोलायचे.

क्लिप मीही पाहिली होती. चामराजपेटेतल्या एका घरातली खोली, भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून टिपलेली. पॅरालिसिसनं वाचा गेलेले एक म्हातारे गृहस्थ जमिनीवर पडलेत आणि त्यांची देखभाल करणारी गंगम्मा त्यांना हात धरून ओढतेय. त्यांचा चेहरा वेदनेनं पिळवटलेला. आवाज नव्हताच. हॉस्पिटलात कळलं, खांद्याचं हाड मोडलंय. त्यांच्या मुलानं ही क्लिप पोलिसांना मोबाइलवर पाठवली आणि गंगम्मा तुरुंगात गेली.

मी कोर्टासाठी व्हिडिओ तपासते. बसवनगुडीत आमची लॅब आहे. मोबाइलवर फिरत आलेली क्लिप ही नुसती कॉपी. तिच्यावर मी सही करत नाही.

“कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पाठवा,” मी म्हटलं.

“मुलगा म्हणतो कार्ड करप्ट झालंय. काही मिळणार नाही.”

“सरी, ठीक आहे, तरी पाठवा.”

कार्ड आलं. मूळ कार्डावर आम्ही काम करत नाही. आधी त्याची तंतोतंत नक्कल करायची, तिला इमेज म्हणतात. मग दोन्हींची हॅश व्हॅल्यू काढायची. हा आकडा म्हणजे डेटाच्या बोटाचा ठसा. आत एक अक्षर जरी बदललं तरी तो बदलतो. आकडे जुळले. कार्ड करप्ट नव्हतं. त्यातल्या फाइल डिलीट केल्या होत्या. पण डिलीट केलं म्हणजे पुसलं जातंच असं नाही. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं बरंचसं तिथंच असतं.

दुपारी रिकव्हर झालेली फाइल मी उघडली. हिच्यात आवाज होता.

वडील खुर्चीत बसलेत. मुलगा कानात इअरफोन घालून ऑफिसच्या कॉलवर बोलत बोलत त्यांना भरवतोय. वडिलांनी तोंड फिरवलं, चमचा कलंडला, पातळ आमटीसारखं सारू मुलाच्या शर्टावर. त्यानं शांतपणे कॉल म्यूट केला. मग वडिलांचा हात पिरगाळून त्यांना खुर्चीतून खाली फेकलं. शर्ट पुसला, म्यूट काढलं आणि बोलत बोलत बाहेर निघून गेला.



पुढे गंगम्मा धावत आली. घाबरून, जमेल तसं त्यांना उठवायला लागली. क्लिपमध्ये दिसत होतं ते हेच. फक्त आता ती ओरडताना ऐकू येत होती, “अण्णा, बेगा बन्नी! अप्पा बिद्दिद्दारे!” अण्णा, लवकर या, अप्पा पडलेत. ज्यानं पाडलं त्यालाच ती मदतीला हाका मारत होती. म्हणूनच क्लिपमधला आवाज काढला होता.

मी आमच्या सरांना बोलावलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि खुर्ची ओढून बसलेच. “रिपोर्ट कधी देशील?”

“रिपोर्ट नंतर, सर. ते गृहस्थ आत्ता कुठे आहेत?”

इन्स्पेक्टरांना फोन लावला. “आज डिस्चार्ज आहे,” ते म्हणाले. “मुलगा घ्यायला आलाय. का?”

मी पाहिलेलं सांगितलं. लगेच ते कुणावर तरी कन्नडमध्ये ओरडले, “गाडी काढ!”

मुलगा व्हीलचेअर लिफ्टपर्यंत घेऊन गेला होता. तिथंच त्याला अडवलं. वडिलांना हुबळीहून आलेल्या त्यांच्या मुलीकडे सोपवलं. गंगम्मा सुटली. खरं काय घडलं ते तिला पोलिसांकडून कळलं, तेव्हा तिचा विश्वासच बसेना. “अण्णा तर रोज अप्पांच्या पाया पडायचे,” एवढंच ती म्हणत राहिली.

कोर्टात मुलाच्या वकिलांनी मला विचारलं, “डिलीट केलेला व्हिडिओ तुम्ही बनवलेला नाही कशावरून?” मी कार्ड हाती आलं तेव्हाची आणि आत्ताची हॅश व्हॅल्यू दाखवली, दोन्ही एकच. मुलाला शिक्षा झाली.

लोक म्हणतात, कॅमेरा खोटं बोलत नाही. खरं आहे. पण व्हिडिओ कुठून कुठपर्यंत दाखवायचा हे कॅमेरा ठरवत नाही. ते पाठवणारा ठरवतो.