डिकीतला ओटा

संक्रांत होऊन आठवडा झाला होता, तरी थंडी हलायला तयार नव्हती. टेकडीवरून उतरलेलं धुकं धायरीच्या गल्लीत येऊन बसलं होतं. समोरच्या पाच मजली बिल्डिंगचे खालचे दोनच मजले दिसत होते, वरचे कुणीतरी पुसून टाकल्यासारखे. हिंमतराव कानाला मफलर गुंडाळून ओम्नीच्या काचेवरचं दव फडक्यानं पुसत होते. काच झाली, आरसे झाले, मग चारी चाकांना फेरी मारून त्यांनी प्रत्येक टायरवर मुठीनं ठोसा देऊन आवाज ऐकला. ट्रकवर होते तेव्हा हे काम लाकडी दांडक्यानं चालायचं. ट्रक सुटून दोन वर्षं झाली होती, ठोके काही सुटले नव्हते.

मग त्यांनी मागचा दरवाजा वर उचलला आणि जरा वेळ नुसतेच बघत उभे राहिले.

डिकीत ओटा होता. अठरा एमएमच्या प्लायचा खोका, त्याला चॅनेलवर सरकणारे तीन ड्रॉवर. वरची फळी बाहेर ओढली की तिचे दोन लोखंडी पाय खटकन खाली उतरायचे आणि चांगला परात मावेल एवढा ओटा तयार व्हायचा. कडेला दोन बर्नरची छोटी शेगडी, पाच किलोचा सिलिंडर पट्ट्यानं आवळलेला. वारा अडवायला पत्र्याचा आडोसा. पाण्याच्या जारला खाली तोटी. तवा हलून वाजू नये म्हणून त्याच्या खिळ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. मिसळणाच्या डब्याला तर त्याच डब्याच्या मापाची गोल खाच पाडली होती. घाटात गाडी कितीही कलंडली तरी हळदीचा कण सांडणार नव्हता.

तीन महिने हे चाललं होतं. पायांचं काम नऱ्हे रोडला रावसाहेबांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात केलेलं.

"एवढं मजबूत? ह्याच्यावर तोफ ठेवायची काय?" रावसाहेबांनी विचारलं होतं.

"परात ठिवायचीय. विमलची."

"मग बरोबर हाय. तोफच ती."

उंची एकतीस इंच. विमलाबाई दुपारी भजनाला गेल्या असताना हिंमतरावांनी घरातल्या ओट्याला टेप लावून हे माप काढलं होतं. प्रवासात तिच्या कंबरेला, गुडघ्याला परकं वाटायला नको. सगळं हाताला सवयीचं यायला हवं.

जायचं होतं सौंदत्तीच्या अलीकडं, मलप्रभेच्या धरणाकाठी. चाळीस वर्षं हिंमतरावांनी बेळगाव-हुबळीच्या रस्त्याला ट्रक मारला. बाकी ड्रायव्हर हायवे धरून जायचे, हे जमेल तेव्हा वाकडी वाट करून त्या पाण्याशी गाडी लावायचे. घरी आले की जेवता जेवता सांगायचे: पलीकडचा काठ दिसत नाही, सकाळी पाणी तांब्याच्या परातीसारखं दिसतं. विमलाबाई चुलीकडून, नंतर गॅसकडून विचारायच्या, "समुद्रावाणी?" "समुद्राला खारा वास येतो. ह्याला न्हाई." "मग एकदा दाखवा की." "दाखवतो." हे दाखवतो म्हणणं अडतीस वर्षांच्या संसाराइतकं जुनं झालं होतं. नम्रताचं लग्न होऊन ती चिंचवडला गेली, हिंमतरावांचा ट्रक सुटला, दिवाळीला विमलाबाईंनी कंपनीतल्या पोरांचे डबे बंद केले. आता अडायला काही उरलं नव्हतं.

पण अडत होतं. आधी त्या म्हणाल्या मार्गशीर्ष होऊ द्या. मग गुडघा. मग संक्रांत. थेट नाही असं एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि हो म्हणताना त्यांचा चेहरा हो म्हणत नव्हता. हिंमतरावांनी आपल्या बुद्धीनं ताडलं: हिला बाहेरचं अन्न चालत नाही, रस्त्यात खायचे हाल होतील म्हणून भितेय. मग प्रत्येक कारणागणिक त्यांनी ओट्यात एकेक सोय वाढवली. गुडघ्याच्या वेळी उभ्यानं काम करून दमली तर टेकायला उंच स्टूल आलं, संक्रांतीला पत्र्याचा आडोसा.

शेवटी त्याच म्हणाल्या होत्या, "एक दिवस इथंच जवळ जाऊन बघू. खडकवासल्याच्या पुढं. मग ठरवू."

म्हणून आजची सकाळ. हिंमतरावांना ती बारावीच्या निकालासारखी वाटत होती.

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी सोनाली कॉफीचा मग घेऊन खाली आली. आयटीतली पोरगी, घरूनच काम करते.

"काका, सॉलिड! एकदम प्रॉपर कॅम्प किचन केलंय तुम्ही. आमच्या ऑफिसातले लोक वेडे होतील बघून." तिनं ड्रॉवर आतबाहेर केले, तोटी सोडून पाहिली. "खुर्च्या किती घेतल्यात?"

"एक."

"एकच?"

"दोघंच तर हाय आम्ही."

सोनालीनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, काही म्हणणार होती, पण कॉफीचा घोट घेतला.

विमलाबाई पिठाचा डबा आणि वांग्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. शाल घट्ट लपेटलेली. "निघायचं का? का आरतीबिरती करायचीय गाडीची?"

पानशेतच्या रस्त्याला लागल्यावर धुकं विरळ झालं. बॅकवॉटरच्या कडेला हिंमतरावांना माहीत असलेली एक उतरण होती. तिथं बाभळीखाली त्यांनी गाडी अशी लावली की चाकं कडक जमिनीवर, तोंड वाऱ्याला आणि पाठ पाण्याला. दरवाजा वर, फळी बाहेर, पाय खटकन खाली. सहा मिनिटांत शेगडी पेटली. त्यांनी खुर्ची उलगडून पाण्याकडं तोंड करून मांडली आणि बसले.

आणि खरोखर कशालाच नाव ठेवायला जागा नव्हती. वांगं आचेवर तडतडत भाजलं, जाळ हलला नाही. विमलाबाईंचा हात न बघता मिसळणाच्या डब्याकडं गेला आणि डबा तिथंच होता. चहा झाला, भरीत झालं, बाजरीचं पीठ परातीत पडलं. थापण्याचा तो ओळखीचा थप थप आवाज पाण्यावरून लांब जात होता. हिंमतरावांना वाटलं, आता ही पोटभर कौतुक करणार.

इतक्यात पलीकडच्या दलदलीतून पाखरं उठली. मोठी, भगव्या रंगाची बदकं, पंखांच्या कडा काळ्या.

"विमल, ती बघ! ती बघ, भगवी बदकं!"

"थांबा, भाकरी तव्यावर हाय."

त्यांनी भाकरी उलटली, आचेवर धरली, ती फुगली, टोपलीत ठेवली, हात पुसले आणि वळल्या. पाणी कोरं होतं.

"कुठं?"

"गेली."

"असू द्या." त्या पुन्हा परातीकडं वळल्या.

हिंमतरावांनी विचारलं, "काय कमी हाय का सांग. अजून दोन दिवस हायत हातात."

"काय बी कमी न्हाई. अगदी घरच्यासारखं हाय."

"मग सोमवारी निघू?"

थप थप चालूच राहिली. मग विमलाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमी जाऊन या. आल्यावर मला सांगा, सांगता तसं."

हिंमतरावांना आधी रागच आला. तीन महिने प्लायच्या भुशानं नाक भरून घेतलं ते ह्यासाठी? तोंडावर आलेलं बोलायला ते खुर्चीतून मागं वळले, पण समोर तिची पाठ होती. शालीचा पदर कमरेला खोचलेला, मानेवर पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, कोपर वरखाली. ही पाठ त्यांच्या इतकी ओळखीची होती की हजार बायांत त्यांनी ती ओळखली असती. घरी जेवायला बसलं की ओट्याशी दिसायची ती हीच. आणि तिच्यापुढं काय होतं? ओम्नीची आतली बाजू. मागच्या सीटचं फाटकं रेक्झिन, पत्र्याचा आडोसा. सगळं पाणी, सगळी सकाळ तिच्या पाठीमागं होती, आणि त्या पाण्याकडं तोंड करून एकच माणूस बसला होता, एकुलत्या एका खुर्चीत.

ते उठले. पाण्याच्या जाराशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

"सर."

"का ओ? गॅस तर बरा चाललाय."

"सर म्हणतो ना. तिकडं बस जा."

"आन भाकऱ्या?"

"मी करतो."

विमलाबाई इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं. "पीठ वाया घालवू नका, महाग झालंय," म्हणत बाजूला झाल्या, पण बसल्या नाहीत. पुढं काय होतंय ते बघायला उभ्या राहिल्या.

हिंमतरावांना ओटा फारच खाली पडत होता. शाळेच्या बाकावर बसवलेल्या बापासारखे ते वाकले. गोळा घेतला, तळहाताच्या मुळानं मळला, पीठ भुरभुरलं आणि थापायला घेतलं. पहिलीच्या कडा फाटल्या. दुसरी त्यांनी हातावर फिरवत थापली, अलगद तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. आचेवर धरल्यावर ती टम्म फुगली.

विमलाबाई हसायच्या थांबल्या होत्या.

"हे कवा शिकलात?"

"हुबळीला. ट्रकवर लागलो त्या वर्षी."

"मग हाटेलात जेवलो म्हणायचा ते?"

"कधीमधी. बाकी मी आन क्लीनर, रॉकेलच्या स्टोवर."

"खोटं कशाला सांगितलं?"

हिंमतरावांनी पुढचा गोळा घेतला. त्याच्याकडं बघूनच बोलले. "लगीन झाल्यावर आईला सांगितलं एकदा, हौसेनं, की भाकरी जमती मला. तर तिच्या डोळ्याला पाणी. म्हणाली, बायको करून दिली तरी माझ्या लेकाच्या हातात परात. परत असलं घरात बोलू नको, लोक सुनेला नावं ठिवतील. म्हणून न्हाई बोललो."

"आत्याबाई जाऊन किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

"मग ही एकोणीस वर्षं?"

तवा तापत होता. हिंमतरावांनी हातातला गोळा परातीत ठेवला. "आयतं मिळत होतं," ते म्हणाले. "बरं वाटत होतं."

विमलाबाई वळल्या. गुडघा दुखत असूनही पाण्याच्या अगदी कडेपर्यंत चालत गेल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या. अकरा माणसांचं घर, त्यानंतर अकरा वर्षं चाळीस चाळीस डबे, तापातसुद्धा उठून लावलेला कुकर, हे सगळं त्या मनात मांडत असतील, असं हिंमतरावांना वाटलं. त्यांना हाक मारायचा धीर झाला नाही. करता येण्यासारखी एकच गोष्ट हाताशी होती, ती ते करत राहिले. तिसरी भाकरी केली. चौथी केली.

बऱ्याच वेळानं त्या आल्या आणि खुर्चीत बसल्या. हिंमतरावांनी ताटलीत भाकरी, भरीत, फोडलेला कांदा घालून मांडीवर नेऊन दिलं. त्यांनी तुकडा मोडला, बोटांनी चाचपला, खाल्ला.

"मीठ कमी हाय."

"व्हय."

"आन जाड झाल्यात."

"ड्रायव्हरची भाकरी तशीच असती. दोनात भागलं पाहिजे."

"मी काय ड्रायव्हर हाय का? पुढची पातळ थापा."

तेवढ्यात काठाकाठानं सात-आठ म्हशी आल्या आणि सरळ पाण्यात शिरल्या. शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या वर. एक रेडकू काठावर अडून बसलं होतं, पाण्यात पाय घालायचं आणि मागं पळायचं. विमलाबाई घास हातात धरून त्याच्याकडं बघत राहिल्या. "अगं बया, भितंय ते," म्हणाल्या, मग स्वतःशीच हसल्या. रेडकू शेवटी पाण्यात उतरलं तोवर त्यांची भाकरी गार झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गार झालेलं अन्न गरम करायला उठण्याचा विचार केला नाही, निदान तसं दिसलं तरी नाही. ताटली नुसती पुढं केली. हिंमतरावांनी त्यात गरम भाकरी टाकली.

"तिकडं पोचायला किती वेळ लागतो?"

"सकाळी निघालो तर दिवे लागायच्या आत."

"थंडी?"

"हिच्याहून कमी."

"भांडी?"

"मी घासतो."

"बघू," विमलाबाई म्हणाल्या. आणि मग, कांद्याची फोड दाताखाली धरून, "पर एवढं वाकून करू नका ओ. मणका जागचा हलला तर गाडी कोण आणणार? मला काय येती?"

परतताना हिंमतरावांनी त्यांना घरी सोडलं आणि तसेच नऱ्हे रोडला गेले. रावसाहेब जेवणाचा डबा उघडून बसले होते.

"आता काय राहिलं?"

"पाय वाढवायचेत. चार इंच. सोमवारच्या आत पाहिजे."

"एवढं माप काढून केलं, आन चार इंच चुकलं? वहिनी काय वाढल्या ह्या वयात?"

"माप बरोबर हाय. सैपाकी बदललाय."

रावसाहेबांचा घास हातात राहिला. त्यांनी हिंमतरावांना टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "तू?" म्हणाले. "पुण्यात हाटेलं बंद पडली का?" पण उठले, हात धुतले, टेप काढली, आणि पाइप कापायच्या आधी हिंमतरावांना भिंतीशी सरळ उभं करून कोपराची उंची दोनदा मोजून घेतली.

घरी आले तेव्हा दुपारचं पाणी आलं होतं. आतून विमलाबाईंचा आवाज आला, "पिंप उघडं हाय बगा, पाणी तासभरच हाय!" हिंमतरावांनी चपला कडेला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाइपाचं एक टोक नळाला बसवून दुसरं पिंपात सोडलं.