काळं कणीस

ज्वारीच्या मळणीचा वास आला की दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, कडेगावजवळच्या आमच्या गावचा हंगामाचा सण आठवतो. पहिलं पीक चर्चमध्ये नेऊन देवाचे आभार मानायची आम्हा ख्रिस्ती घरांची रीत. त्या साली काणी रोगानं आमची सगळी ज्वारी काळी पडली, तरी आई त्यातलंच एक कणीस घेऊन निघाली. पाळकांनी दारातच अडवलं, “बाई, यंदा राहू द्या.” आई म्हणाली, “आवं, चांगलं पिकलं तवाच त्येचं आभार मानायचं व्हय? त्यो काय आवंदा बदलला?” तिनं आत जाऊन कणीस वेदीपुढच्या मेजावरच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर ठेवलं आणि आभाराचं गीत सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हटलं. पुढे तिला माती दिली, त्या दिवशी तेच गीत मी धरलं. एकही कडवं सोडलं नाही.